चार नंबरचा मका

६ मे, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. सकाळी चहासुद्धा तसाच ठेवला. आईने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? म्हटलं, हो. डबा न उघडता परत आणला आणि वर ऑफिसात जेवण देतात अशी थाप मारली.

धान्याचा व्यापार करणारी कंपनी म्हटल्यावर मला वाटलं होतं, कुठेतरी पोती दिसतील, निदान वास तरी येईल. काही नाही! एक लांबलचक खोली, चौदा माणसं, प्रत्येकासमोर तीन-तीन स्क्रीन, आणि सगळे एकाच वेळी फोनवर. आमच्या टेबलाकडे मका. साहेबांना माघारी सगळे घार म्हणतात. पंधरा मिनिटांत कळलं का ते. मान न हलवता त्यांना सगळी खोली दिसते.

पहिली सूचना – इथला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. फोनवर ‘घेतला’ म्हटलं की माल घेतला, ‘दिला’ म्हटलं की दिला. कागद मागाहून. ‘या खोलीत शब्द परत घेता येत नाही,’ घार म्हणाले. मी मान डोलावली.

सहा महिने उमेदवारी. मग ठेवतील, नाहीतर घरी पाठवतील.

७ मे, मंगळवार

फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा मी पाण्याची बाटली भरायला गेले.

१५ मे, बुधवार

रोज सकाळी साडेआठला टेबलाभोवती सगळे उभे राहतात आणि प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. एकच. बाजाराबद्दल, आणि इतरांना माहीत नसलेलं. कुठे बंदरात जहाज अडकलंय, कुठे कारखाना बंद पडलाय, असलं. घार कुणाकडेच बघत नाहीत, फक्त ऐकतात. माझी पाळी येईपर्यंत मी मनातलं वाक्य चार वेळा बदलते.

आज बोलले. काय बोलले? ‘मक्याचे भाव वाढू शकतात किंवा उतरू शकतात.’ असं म्हणाले मी! तोंडातून बाहेर पडलं आणि वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शेजारचा म्हणाला, हिला हवामान खात्यात पाठवा. याला सगळे पोपट म्हणतात, कारण घार बोलणार असतात ते हा आधीच बोलून मोकळा होतो. सगळे हसले. घार हसले नाहीत. ते जास्त वाईट.

१९ मे, रविवार

मावशी आली होती. तिने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय की मी शेअर बाजारात आहे. कुठला घेऊ, विचारत होती. म्हटलं, मावशी, मका आहे गं, मका. ती म्हणाली, असू दे, सगळं एकच.

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते हसले, पण बोलले नाहीत. तीस वर्षं गोदामात धान्याचे नमुने काढतात. ढिगात पोकळ सळई खुपसायची, आतलं धान्य तळहातावर घ्यायचं, हुंगायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा. त्यांनी सही केली की माल चांगला. यंत्र आता सगळं मोजतं, पण खाली सही त्यांचीच लागते. आणि घरात गोदामाचं अक्षर नाही. ‘गोदामातलं गोदामात.’ लहानपणापासून ऐकतेय. कुणाचा माल, कसा माल – आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. तोंडाला कुलूप आणि किल्ली मालकाकडे, असं आई म्हणते.

आमची कंपनी त्याच गोदामात माल ठेवते. मुलाखतीत मी एवढंच म्हटलं होतं, वडील गोदामात नोकरीला आहेत.

२९ मे, बुधवार

फोन उचलला! उचलावाच लागला, पोपट जागेवर नव्हता आणि घार बघत होते.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. कोंबड्यांचं खाद्य बनवायची छोटी गिरणी आहे त्यांची. म्हणाले, नवीन दिसतेस, घाबरू नकोस, मी चावत नाही. मग भाव विचारला. मी सांगितला. म्हणाले, महाग आहे, पण आवाज गोड आहे, उद्या पुन्हा विचारीन. मी त्यांना साहेब म्हटलं तर रागावले. काका म्हणायचं ठरलं.

घार म्हणाले, हे गिऱ्हाईक तुझं. लहान आहे. बिघडलं तरी फार बिघडणार नाही.

रात्री नीट झोप लागेल बहुतेक.

७ जून, शुक्रवार

काका रोज फोन करतात. घेत काहीच नाहीत. आज सांगत होते, त्यांचं खाद्य घेणारे सगळे लहान लोक. पन्नास कोंबड्या, शंभर कोंबड्या. एक विधवा बाई आहे, तिने अंड्यांवर दोन मुली शिकवल्या. तिच्या कोंबड्यांना सर्दी झाली तरी ती आधी काकांना फोन करते. मी हसले. महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत हसले असेन.

१० जून, सोमवार

घारांनी खोलीत बोलावलं. बस म्हणाले नाहीत. महिना उलटून गेला, तुझं एक कामाचं वाक्य अजून यायचंय, म्हणाले. आवाज अगदी साधा. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे सहा महिने वगैरे सगळं नावाला. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मावशीला काय सांगू? आईने शेजारी पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्यांना सांगून ठेवलंय!

११ जून, मंगळवार

बाबा आज जेवले नाहीत. ताटावर बसले, भात चिवडला, हात धुतला. आईने विचारलं तर मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चार नंबरात वास येतोय.’

बस. एवढंच. उठून बाहेर गेले.

चार नंबर म्हणजे त्यांच्याकडचं चौथं गोदाम, आणि वासाचा अर्थ मला कळतो. पाणी शिरलं असणार, मका आतून गरम झाला असणार, बुरशी धरली असणार. वरून ढीग पिवळाधमक दिसतो आणि आत हात घातला तर चटका बसतो. असला मका खाऊन कोंबड्या पटापट मरतात. हे मला शाळेत असताना बाबांनीच सांगितलं होतं, कुणाचंही नाव न घेता.

बाबा घरात गोदामाबद्दल बोलले. का बोलले? थकलेत का? वय झालं का?

१२ जून, बुधवार

बोलले मी.

साडेआठला सगळे उभे. पाळी आली. घारांची नजर टेबलावर. मी म्हणाले, ‘चार नंबर गोदामातल्या मक्याला वास आहे.’

पोपटाचं तोंड उघडं. घारांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, कुठून कळलं ते मी विचारणार नाही. सगळे कामाला लागा.

मला वाटलं होतं, आपण तो माल घेणार नाही, एवढंच होईल. वाचलो आपण, असं म्हणतील. मूर्ख मी! दहा मिनिटांनी घार खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. चार नंबर आपलाच आहे, म्हणाले. मागच्याच महिन्यात घेतला. प्रमाणपत्र वीस मेचं आहे, स्वच्छ आहे, पंचेचाळीस दिवस चालतं. तोवर माल उचलला तर पुन्हा नमुना काढायचं कारण नाही. ‘तुझे गिरणीवाले काका मका शोधतायत ना?’

त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला.

काकांना भाव सांगितला. आजवरचा सगळ्यात कमी. काका म्हणाले, बाळ, माल कसा आहे? मी म्हणाले, प्रमाणपत्र स्वच्छ आहे. माझा आवाज मलाच परका वाटला. काका म्हणाले, ‘तू सांगतेस म्हणजे झालं. घेतला.’

मी म्हणाले, दिला.

टाळ्या वाजल्या. माझा पहिला सौदा.

१३ जून, गुरुवार

इथे एक रीत आहे. पहिल्या सौद्याच्या मालाचा नमुना एका लहान काचेच्या बाटलीत भरून त्या माणसाच्या टेबलावर ठेवतात. कायमचा. पोपटाच्या टेबलावर आहे, घारांच्यावर तर वीस वर्षांपूर्वीची आहे.

आज माझी आली. वीस मेला काढलेला मका, टपोरा, कोरडा. बाटलीवर गोदामाचं लेबल आणि लेबलावर बाबांची सही.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! प्रमाणपत्र स्वच्छ आहे, स्वच्छ आहे, म्हणून घोकत होते. ते प्रमाणपत्र म्हणजे बाबा. उद्या काकांच्या कोंबड्या मेल्या, तर लोक कागद काढतील, आणि कागदावर ना घार आहेत ना मी. तीस वर्षं सही करणारा माणूस आहे.

दिवसभर बाटली कॅल्क्युलेटरच्या मागे लपवून ठेवली.

१४ जून, शुक्रवार

घार येताना बाटलीपाशी थांबले. उचलली, उजेडात धरली.

‘वडिलांचं अक्षर वळणदार आहे,’ म्हणाले.

आडनाव! त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. म्हणूनच घेतलं असेल का मला? सगळी परीक्षा, मुलाखत, सगळं त्याचसाठी? मग म्हणाले, उमेदवारी संपली समज, पत्र सोमवारी मिळेल. आणि घरून काही कळत राहिलं तर सांगत जा.

मी थँक्यू म्हणाले. थँक्यू म्हणाले मी!

१६ जून, रविवार

आईने गोड केलं. मावशी आली, नवा पेन घेऊन. सगळे खूश. मी प्रत्येक घासाला बाबांकडे बघत होते आणि त्यांनी मान वर केली की ताटात बघत होते.

बाबांना नोकरी कायम झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. जड हात. काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात मावशी मध्ये बोलली. बरं झालं बोलली. त्यांनी विचारलं असतं, तर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं, देव जाणे.

कळलं त्यांना तर? मुलीने घरातला एक शब्द उचलून बाजारात नेला, असं कळलं तर? तीस वर्षांत एकदा तोंड उघडलं त्यांनी, आणि मी तेच विकलं.

१७ जून, सोमवार

पत्र मिळालं. पर्समध्ये आहे. आईला अजून दाखवलं नाही.

चार नंबरचे ट्रक बुधवारी भरणार. अजून दोन दिवस. रस्त्यावरून निनावी फोन करावा असं दहादा मनात आलं. पण काका आवाज ओळखतील. चिठ्ठी पाठवली तर पोचेपर्यंत मका दळला जाईल. घारांना सांगितलं, तर ते हसणारसुद्धा नाहीत. आणि सौदा मोडला माझ्यामुळे असं कळलं, तर या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं? पोपटाने तर आत्तापर्यंत पार्टी दिली असती.

दुपारी काकांचा फोन. स्वस्तात मका मिळाला म्हणून त्यांनीही भाव उतरवला, सगळ्या लहान लोकांना कळवून टाकलं. तुझं नाव सांगितलं बरं का त्यांना, म्हणाले.

मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि बाटली कॅल्क्युलेटरच्या आणखी मागे सरकवली.

१८ जून, मंगळवार

सकाळी बाबा बस थांब्यापर्यंत आले. कधी येत नाहीत. म्हणाले, चार नंबरचे ट्रक उद्याचे लागलेत. तुझ्या साहेबांना सांगितलं नाहीस का गं?

मी बस येतेय का ते बघत राहिले.

‘मॅनेजरला दोनदा लिहून दिलं मी. म्हणाला, तुमची सही झालीय, आता गप्प बसा. मग म्हटलं, आपल्या घरात मक्याच्या धंद्यातलं एक माणूस आहे. तेवढ्यासाठी बोललो त्या दिवशी. तू थांबवशील म्हणून.’

बस आली. मी चढले.

नऊ वाजून दहा. माझ्या टेबलावरून, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवरून काकांना सांगितलं – चार नंबरच्या मक्याला बुरशी आहे, उचलू नका. नमुना काढणाऱ्याने दोनदा लेखी कळवलंय. मला विकतानाच माहीत होतं. मग माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, नीट ऐकू येईल असं.

आता जिन्यात बसून लिहितेय. बाटली पर्समध्ये टाकलीय. घारांनी आत बोलावलंय. जाते.