आतल्या खोलीचा वास

बाभुळगाव, ३ ऑगस्ट १९६१
मांजर फुकट आली होती. गिरणीत उंदीर फार, म्हणून ठेवली. आजवर तिच्यापायी गेलं ते असं: दोन गोधड्या, एक गादी, बाजेची सुतळी, फिनेलचे तीन डबे. आणि लेकीचं, शांताचं, पाच दिवसांचं जेवण. मांजर चैत्रातच तांड्यावर देऊन टाकली. मुताचा वास मात्र आतल्या खोलीत राहिला.
शां. सातव्यात माहेरी आली, पहिल्या बाळंतपणाला. आल्या आल्या उंबऱ्यातच पदर नाकाला. खोल्या दोनच, एकीत चूल.
मला वास येत नाही. बावीस वर्षं नाकात पीठ गेलं. आता नाक नावापुरतं.

४ ऑगस्ट
व्याही कळंबहून आले, खुशाली घ्यायला. म्हणाले, "पोरगी वाळली जी." मी म्हटलं, "चार दिवस थांबा. आमच्या घरचा पाहुणाही धोतर सैल करून उठते, हे तर लेक आहे." हसले. पण बसले ओसरीवर, पाणीही ओसरीवरच प्यायले.

६ ऑगस्ट
सौ.नं सकाळ-संध्याकाळ शेणानं सारवणं धरलं आहे. राख, चुना, कडुनिंबाचा धूर, सगळं झालं. मी दळण घेऊन आलेल्या माणसांना काही निमित्त काढून आत नेतो आणि कान देतो. "काही नाही भाऊ, इंजिनाच्या तेलाचा असंल." लोक भले, खोटं बोलतात. पण उंबऱ्यावर श्वास थांबतो आणि बाहेर पडल्यावर सुटतो. मला तेवढं पुरतं.
खरं बोलला एक रहीमभाई. आमच्या इंजिनाचा मिस्त्री, जुना दोस्त. जमिनीला नाक लावून पालथा पडला. उठून म्हणाला, "भाऊ, भाभी सारवते ना, त्यानंच उठून राह्यला हा. ओल लागली का जागा होते. तुम्ही दवा नाही, खत देऊन राह्यले."
सौ. भडकली. "मंग काय लेकीले पारोशा खोलीत निजवू?"

८ ऑगस्ट
खोली हातभर खणली. माती पार गावाबाहेर टाकली, नवी पांढरी आणून चोपली. सारवण बंद. शेजारीण डोकावून गेली, "बाई, बाळंतिणीची खोली अन् कोरडी?"

११ ऑगस्ट
शां. म्हणाली, "गेला बाबा वास. खरंच गेला." आणि भाकरीचं ताट पुढं ओढलं. सौ.नं देवापुढं साखर ठेवली. मी गिरणीत एका म्हातारीचं दळण फुकट दळून दिलं. कारण विचारत होती.

१३ ऑगस्ट
सकाळी इंजिन लावलं. ठोक्यात खोट. म्हणजे ठोका बरोबर, पण त्याच्याखाली अजून एक आवाज, दबलेला. वाटलं, व्हॉल्व्ह गेला. बंद केलं. ठोका थांबला. तो आवाज थांबला नाही.
न्हाणीमागं शां. ओकत होती. भिंतीला धरून, पदर तोंडाशी.
काल, परवाही हेच असणार. इंजिन लागायची वाट पाहत असेल. म्हणजे मला ऐकू येऊ नये...
मला पाहून तोंड पुसलं. "काहून बंद केलं बाबा?"
म्हटलं, "पट्टा सरकला."
"मंग लावा ना. लोकं खोळंबले." गेली आत. त्याच खोलीत.

१४ ऑगस्ट
रहीमभाईला पुन्हा बोलावलं. या वेळी नाक भिंतीला. म्हणाला, "तुमच्या मांजरीमागं साऱ्या गावचे बोके येत असतीन. बोका भिंतीवर धार मारते भाऊ." भिंत मातीची, खोलीची अन् गिरणीची एकच. मांडीभर उंचीपर्यंत मुरलं आहे. पाडावी तर छपराचं आढं तिच्यावरच टेकलेलं, आणि दिवस पावसाचे. दिवाळीनंतर बघू म्हणतो. शांताचे दिवस त्याआधी भरतात.
सौ.ला म्हटलं, पोरीला कळंबला धाडू. रडली. "पयलं बाळंतपण अन् सासरी? मायबाप मेले काय तिचे?" इंजिनाचा एकेक खिळा आवाजावरून ओळखतो मी. इथं काय कामाचं ते.

१६ ऑगस्ट
कळंबला निरोप धाडला होता, जावई छकडा घेऊन आले. भला पोरगा. "वास गेला का लगेच आणून सोडतो, मामा." सौ.नं डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जे जमवलं होतं ते सगळं बांधून दिलं. तिच्या हातून गाठ बसेना, मी मारली.
शां. छकड्यात बसून म्हणाली, "बाबा, भिंत पाडू नका बरं. गिरणी बंद राहीन."
बैलाच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकला. त्यापुढंही थोडा.

१९ ऑगस्ट
झड लागली आहे. दुपारी आतल्या खोलीत जाऊन बसलो. दार लावलं, भिंतीशी नाक नेऊन दमभर ओढलं. काही नाही. पीठ.
सौ. दारातून म्हणाली, "वास येते काय?" म्हटलं, "तुले?" ती पदर नाकाला लावून उभी.
भिंत दोन टेकू देऊन पाडता येईल का, हे सुताराला विचारायचं. तो मुकुटबनला गेलेला, कधी येतो कोणालाच ठाऊक नाही.
रहीमभाई कळंबला एका इंजिनाच्या कामाला गेलता, व्याह्यांकडं डोकावून आला. शांतानं त्याच्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या, आणि भाजी पुन्हा मागून घेतली.