अंगणातला बल्ब

६ जानेवारी

कॅनव्हास सगळा काळानिळा करून टाकला. शहापूरच्या हॉटेलवाल्याला रात्रीचं गाव हवंय, पण उजेड पायजे म्हणे! डोंगर घेतला, ओहळ घेतला, आणि हात मेला आपोआप आमच्याच घराकडे गेला.

७ जानेवारी

ओहळावर पिवळा ठिपका दिला. दादाची बॅटरी. पुसला. परत दिला.

९ जानेवारी

घर जमत नाही. अंगणातला बल्ब पिवळा करावा तर खोटं, काळा ठेवावा तर आईला कळेल.

लिहूनच टाकते एकदा. पाच वर्षांपूर्वी आषाढात एका रात्री जीवनदादा बॅटरी घेऊन ओहळावर खेकड्यांना गेला. खेकड्यांना गेलेलं माणूस येईपर्यंत आमच्याकडे अंगणातला दिवा मालवत नाहीत— त्या उजेडावर घराची वाट सापडते. आणि मी काय केलं? माझ्या खोलीतला बल्ब उडालेला, सकाळी परीक्षेचं चित्र द्यायचं. आई झोपल्यावर अंगणातला काढून आत लावला. दहा मिनिटं म्हणून! रंगवता रंगवता तिथेच जमिनीवर डोळा लागला.

उजाडताना जाग आली. अंगावरची गोधडी फेकली, धावत जाऊन बल्ब जागेवर लावला. मग माणसं आली. दादा वाट चुकून ओहळाच्या कोंडीत, खोल डोहात, बुडाला होता. कुणाला काही कळलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही.

१० जानेवारी

आज आईला सांगणारच होते. भाकऱ्या थापत होती. नाही सांगितलं. भित्री कुठली!

१२ जानेवारी

बारकीमावशी म्हशाच्या जत्रेहून घोंगडी घेऊन आली. चित्र बघून म्हणाली, घरात लाइट नाय का गो? आई उठून गोठ्यात गेली.

डोळे मिटले की तो ठिपका हलतो. इकडे, तिकडे. घर शोधतोय.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ हातावर ठेवला आणि चित्रापुढे उभी राहिली. म्हटलं, आता सांगतेच. "आई, त्या रात्री बल्ब—"

"चालू होता," ती म्हणाली. "पाटंपर्यंत चालू होता, मी बघितलाय. पिवळा दे तो."

आणि तिथून निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१५ जानेवारी

पिवळा दिला.

पहाटेपर्यंत चालू होता, खरंय. माझ्या डोक्यावर. आणि ती गोधडी मी अंगावर घेतली नव्हती. आई आली होती. बल्ब तिने बघितला आणि मला झोपू दिलं.