सिदूची टोपी

सोमवार, २ नोव्हेंबर १९३१

टोपी बसली नाही. आठवडाभर खपून विणली आणि कानांच्या वरच अडकली. जरा ओढायला गेले तर सिदू असा किंचाळला की शेजारचा माग थांबला. सावित्रम्मा आपल्या मुलाला कडेवर घेऊन दारात — "काय झालं, अक्का?" काही नाही म्हटलं. टोपी लहान झाली.

चूक माझीच. हात घट्ट. शाळेत मडम रोज म्हणायच्या, "शिवबाई, लोकर आहे ती, बैलाचा कासरा नाही." सगळ्या मुली हसायच्या. अजून तसंच.

नक्षी मात्र अशी आली की सासूबाईसुद्धा दोन मिनिटं बघत बसल्या. काळ्यावर शेंदरी पायऱ्या, पायऱ्यांच्या पोटात चौकोन. त्यांना वाटतं मी दोन्ही रंग एकदम विणते. तसं नाही. एका ओळीला एकच रंग. दुसऱ्या रंगाचे टाके विणायचेच नाहीत, नुसते उचलून या सुईवरून त्या सुईवर घ्यायचे. न विणलेले टाकेच वर उठून दिसतात, नक्षी त्यांचीच होते. फक्त त्यांच्या मागून दोरा सैल न्यायचा. जरा ओढला गेला की सगळी वीण आक्रसते. तिथंच माझं घोडं पेंड खातं.

उसवून टाकली. पुन्हा टाके घालते. संक्रांतीला सिदूला सिद्धेश्वराच्या पायावर घालायचं आहे, नवस आहे. तेव्हा डोक्यावर हीच टोपी हवी.

बुधवार, ११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. माझी थोरली, दाक्षायणी, असती तर यंदा तिला चौथं लागलं असतं. फुलबाज्या आणल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "ह्या पोराकडं बघ आता." बघतेच आहे. दुसरं काय करते?

बुधवार, १८ नोव्हेंबर

दगडाबाई सिदूला न्हाऊ घालते. आज म्हणाली, "तेल ऱ्हात न्हाय बगा टाळूवर. वतलं की वगळतंय." इतर मुलांच्या टाळूवर म्हणे चांगलं वाटीभर मुरतं. सासूबाईंनी तेल्याला शिव्या घातल्या, तेलात भेसळ करतो म्हणून. मग दगडाबाईनं सिदूचं डोकं तळव्यावर तोललं. "लई भारी डोस्कं हाय. कलेक्टर व्हतंय की पोरगं." सासूबाई खूश. लगेच मीठमोहऱ्या उतरवल्या.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? कपाळ मोठं आहे त्याचं. रुंद, गुळगुळीत. माझ्या माहेरी कुणाचंच असं नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

बसली! बारा टाके वाढवले होते. बसली, कान झाकले, खाली बंद बांधले. शेंदरी रंग त्याला काय खुलून दिसतो! यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, बघत राहिले, पण हसले नाहीत. यांचं असंच. गिरणीच्या हापिसात दिवसभर आकडे तपासून घरी आले तरी नजर तपासणीचीच.

सावित्रम्माचा मुलगा सिदूहून महिन्यानं मोठा. तो पालथा पडून रांगायला बघतो. सिदू अजून मान धरत नाही. डोकं जड आहे ना, वेळ लागणारच.

बुधवार, ९ डिसेंबर

बसत नाही. दहा दिवसांपूर्वी बसलेली टोपी आज बसत नाही!

धुतली म्हणून आटली असणार. कोमट पाण्यातच धुतली होती, सावलीत वाळवली होती. तरी आटली. मुळात वीण घट्ट असली की आटायला निमित्त लागत नाही.

उसवताना रडू आलं. उसवलेली लोकर सरळ होत नाही, वाफेवर धरली तरी वळ्या राहतात. मंगळवार पेठेत जाऊन एक शेंदरी गुंडा आणखी आणला. रंगात किंचित फरक आहे. मला दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

रविवार, १३ डिसेंबर

यांनी मला न विचारता टांगा आणला. दारात उभा. म्हणाले, "पोराला गुंडाळ. दवाखान्यात दाखवून येऊ."

काय झालंय त्याला, मी विचारलं.

"टोपी लहान होत नाहीये, अगं. डोकं वाढतंय."

"मुलांची डोकी वाढतातच."

"अशी नाही वाढत."

स्वतःच्या मुलाबद्दल असं बोलवतं तरी कसं? मी म्हटलं, माझी वीण वाईट आहे तर मला बोला, पोराला नावं ठेवू नका. टांगेवाला ऐकत होता. सासूबाई मधे पडल्या, यांना म्हणाल्या, "आमच्या घराण्यात मोठीच डोकी हायत. तुझ्या आज्जाचं बघायचं हुतंस." यांनी टांगेवाल्याला पैसे देऊन टांगा परत पाठवला आणि जेवले नाहीत.

दाक्षायणीला नेलं तेव्हाही टांगाच होता. नुसता ताप आहे, चार दिवसांत घरी आणू, असं हेच म्हणाले होते. आणली. माझ्या मांडीवर, पदराखाली. तोच रस्ता, तीच घंटी वाजत होती घोड्याच्या गळ्यात. डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनी केलं ते केलं. पण त्या पायऱ्या मी पुन्हा चढणार नाही. सिदूला तर नाहीच नाही.

शनिवार, १९ डिसेंबर

मडमकडे जाऊन आले. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा. केस पांढरे झालेत, पण बसण्याची ऐट तीच. सुईवरचं अर्धं काम पुढे ठेवलं, म्हटलं, कुठं ओढते ते दाखवा. तिसऱ्यांदा विणते आहे.

त्यांनी चष्मा लावला. उलटून मागचे दोरे पाहिले, बोट घालून पाहिलं. म्हणाल्या, "शिवबाई, हात सुधारला की गं तुझा. किती मोकळी वीण आहे."

मग बसत का नाही, मी विचारलं.

"बाळाला घेऊन ये," म्हणाल्या. "डोक्यावर धरून बघू."

आणते म्हटलं आणि निघाले. म्हाताऱ्या झाल्या मडम, दिसत नसेल आता. किंवा इतक्या वर्षांनी घरी आलेल्या मुलीला कुणी नावं ठेवत नाही. वाटेत फार राग आला. त्यांचा का माझा, कळेना.

सोमवार, २८ डिसेंबर

दूध ठरत नाही. पाजलं की उलटून टाकतो. उचललं तर रडतो, ठेवलं तर गप्प.

गुरुवार, ३१ डिसेंबर

डोळे सारखे खाली. बुबुळं अर्धी खालच्या पापणीत बुडालेली आणि वर पांढरं दिसतं. सासूबाई म्हणतात, लाजतंय पोर. काल त्यांनी खडीसाखर ठेवून देवीला कौल लावला, कन्नडमध्ये पुटपुटत होत्या. काय आलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

हे हापिसातून आले की त्याच्या पाळण्याशी बसतात. मी दिवा लावायला गेले तर तोंड फिरवतात.

रविवार, ३ जानेवारी १९३२

अर्धं काम उसवून जाड सुया घेतल्या. इतके टाके घातलेत की सुईवर मावत नाहीत. दोरा मुद्दाम लोंबता ठेवते. या खेपेस सैल झाली तर झाली, बंद आवळून बांधीन.

विणताना बरं वाटतं. एक ओळ काळी, परत काळी, मग शेंदरी. जे टाके विणायचे नाहीत त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, नुसतं पुढे सरकवायचं. तेवढ्या वेळात दुसरं काही मनात येत नाही. पाळण्यात तो कण्हतो तेव्हा ओळ पुरी करून उठते. ओळ अर्धी सोडली तर टाके गळतात, असं स्वतःला सांगते.

बुधवार, १३ जानेवारी

पुरी झाली. नक्षी कुठंही चुकली नाही. पायऱ्या पायऱ्यांना भिडल्या.

बसत नाही.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. नंदीध्वजांच्या काठ्या आल्या, गड्ड्याच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. सिदूला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेलं. देवाच्या पायरीवर ठेवला तेव्हा लुगडं सरकलं. पुजाऱ्यानं अंगारा लावायला हात पुढे केला आणि क्षणभर तसाच राहिला.

बायका वळून वळून बघत होत्या. एकीनं आपल्या मुलीला मागे ओढलं. इतक्या थंडीत तान्ह्याला उघड्या डोक्यानं आणलं, म्हणून बघत असतील. मेल्यांना दुसऱ्याच्या पोरांची भारी काळजी. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

उद्या बोरन्हाण. सासूबाईंनी आळीतली मुलं बोलावलीत.

शुक्रवार, १५ जानेवारी

मुलं बोरं वेचत होती. सावित्रम्माचा मुलगा शिंकला, म्हणून मी सहज कोनाड्यातली टोपी काढून त्याला घातली. कान गेले, डोळे गेले, नाकाखाली येऊन थांबली. मुलं खिदळली. सावित्रम्माही हसली, मग तिची नजर पाळण्याकडे गेली आणि तिनं पोराला पोटाशी धरलं.

टोपी उलटी करून पाहिली. मागचे दोरे सैल होते, सगळे. एकही ओढलेला नव्हता.

यांना म्हटलं, टांगा आणा.