पुलाच्या अलीकडे

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा ड्रायव्हर भाऊ सध्या डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसतोय. लोक विचारतात, बस कधी येईल? मी सांगतो, येईल. नदीवरच्या पुलावर धडधड होऊन मी भरली बस मधोमध सोडून उतरलो, हे हिने तुला कळवलंच आहे. हृदय ठणठणीत निघालं. आजार घाबरण्याचा आहे. समुपदेशक बाईंनी अभ्यास दिलाय: रोज पुलाच्या तोंडाशी दहा मिनिटं उभं राहायचं, भीती चढू द्यायची, उतरू द्यायची आणि वहीत त्या दिवसाची हजेरी मांडायची. पुन्हा बस हाती घ्यायला साहेबांनी जूनपर्यंत मुदत दिलीय. काळजी नसावी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा ढब्बू

११ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझी बायको म्हणते, पाच आठवड्यांत तू पुलापाशी तीनदा गेलास आणि वहीत मात्र रोजची हजेरी मांडलीस. शिवणाचं दुकान सांभाळून तुझे कान उपटायला मला वेळ नाही. नोकरी जायची वेळ आलीय आणि तू लोळतोस? इतका आळशी कधीपासून झालास?

रागावले तरी तुझीच,
ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वही बाईंपुढे ठेवली आणि खोटं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. झोप, जेवण विचारलं, मग विचारलं, भीतीमुळे जात नाही का? मी म्हणालो, "भीतीचं राहू द्या, मला बूटच घालावेसे वाटत नाहीत." कॅरम सुटलाय, लेकीची चित्रं बघायचाही कंटाळा येतो, हे तुलासुद्धा लिहिलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, हा आळस नाही. भीतीच्या जोडीला नैराश्य आहे, असं पुष्कळांचं होतं. उदासी माणसाला उठूच देत नसेल, तर पुलाचा अभ्यास होणार कसा? आता दोन्हींवर एकदम उपचार. डॉक्टरांच्या गोळ्या, सकाळी अंघोळ, मग बूट घालून कोपऱ्यापर्यंत. वीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला बूट घालायचा अभ्यास! हसलीस तरी चालेल.

लोभ सांभाळ.
ढब्बू

२३ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

हसले नाही. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर रडले, डाग पडला. आळशी म्हणाले ते चुकलं माझं. रविवारी येते. कोपऱ्यापर्यंत मीही चालीन, गुडघे कुरकुरले तरी.

तुझी ताई

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांनी महिना वाढवून दिला, तो कामी आला. कोपऱ्यावरून बाजार, बाजारावरून पूल, असं सरकत गेलो. काही दिवस अंथरुणातच गेले. बाई म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं. मग पुलावर धडधडत उभा राहिलो, आणि धडधड आपोआप उतरली. वहीतली हजेरी या वेळी खरी.

काल प्रवाशांसकट बस पलीकडे नेली. हात घामाने निथळत होते. मधोमध मागून एक आजीबाई कुरकुरल्या, अशा चालीने आम्ही पोचायचं कधी? मी म्हणालो, "पोचू, आजी. आज जरा सावकाश."

तुझ्या मायेतला,
ढब्बू