दोन ईअरफोन आणि सतार

३ ऑगस्ट १९९२

नाही मागणार माफी!

जामनेरचे तोताराम मास्तर दुकानात आले होते. डोळे गेलेत त्यांचे, दिवसभर सतारीच्या कॅसेटी ऐकतात. वॉकमनला लावायला सगळ्यात चांगला ईअरफोन हवा म्हणाले, कानाच्या आत बसणारा. निर्मलकुमारनी – शेठचा मुलगा – सिंगापूरहून आणलेला भारीतला काढला. मी मागे टेप उघडून बसले होते. मास्तर म्हणाले, "पोरी, तू तर रोज ऐकतेस. खरं सांगजो."

सांगितलं. सिंगापूरवाल्यात नुसतं ढब ढब. त्याच्या पाव किमतीच्या जपानीत सतारीची तार न् तार वेगळी.

"विचार करतो" म्हणून मास्तर गेले. मग निर्मलकुमार – "बाई, गिऱ्हाइकासमोर काय बोलू राहिल्या तुम्ही? माफी मागा माझी! तुम्ही फक्त डाग मारा!"

आयटीआयला अख्ख्या वर्गात मी एकटी बाई. ती काय नुसते सोल्डरचे डाग मारायला शिकले?

४ ऑगस्ट

आज गौतमचंदशेठनी निकाल दिला. दोन्ही ईअरफोन कानात घालून पाहिले, मिनिटभर. "सिंगापूरचाच. याला दम आहे." झालं! तीस वर्षं लोक शेठच्या कानावर भरवसा ठेवून रेडिओ घेतात. वरणगावहून येतात.

"पुष्पाबाई, निर्मलची माफी मागा आणि मागे बसा."

मागे बसले.

५ ऑगस्ट

नाहीच मागितली.

७ ऑगस्ट

मास्तर परत आले. मीच म्हटलं, माझे डोळे बांधा! दोन्हींना सारख्या स्पंजच्या टोप्या चढवल्या, म्हणजे कानाला लागून ओळखू यायला नको. निर्मलकुमारनी टॉवेल इतका आवळला की कपाळ ठणकायला लागलं. दहा वेळा बदलून लावले.

दहाच्या दहा बरोबर!

"तुक्का," निर्मलकुमार.

"मग आता तुम्ही बसा," मी.

बसले नाहीत! मास्तर मोठ्यांदा हसले, स्वतः दोन्ही ऐकले आणि जपानी घेऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला.

शेठ काउंटरवरून सगळं बघत होते. दुकान बंद करताना म्हणाले, "माझ्याच दुकानात माझा शब्द मोडला तुम्ही. माफी नाही, तर सोमवारपासून येऊ नका."

रडले नाही. रिक्षात बसल्यावर थोडी.

८ ऑगस्ट

राजीनामा लिहिला. चार ओळी. 'मला जे ऐकू आलं त्याची मी माफी मागणार नाही' – हे दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. पिंप्राळ्यात घराच्या दारावरच पाटी लावीन, रेडिओ-टेप दुरुस्ती. घरचे काय म्हणायचं ते म्हणोत.

१० ऑगस्ट

दुपारी कागद द्यायला गेले. निर्मलकुमार जेवायला गेलेले. शेठ एकटेच. कानात तसलाच दुसरा जपानी ईअरफोन, वॉकमन छातीशी धरलेला. आवाज इतका वाढवलेला की काउंटरच्या अलीकडे मला सतार ऐकू येत होती. मला पाहून दचकले. दाराकडे बघून घेतलं. मग अगदी हळू विचारलं,

"पुष्पाबाई, यात सतार कधी सुरू होते?"

कॅसेट संपत आली होती.