कन्यादानाच्या वेळी हललेला कॅमेरा

बाबा, गेले काही आठवडे मी सॉफ्टवेअर शोधते आहे. हे ऐकून तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलं असतंत, "शोधतेस म्हणजे? हरवलंय का?" हरवलेलं नाही, उलट फार झालंय. शनिवार पेठेतल्या त्या जिन्यावरच्या खोलीत दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर मांडून तुम्ही लग्नाच्या कॅसेट जोडायचात, ते सगळं काम आता माझ्या लॅपटॉपमध्ये मावतं. शाळेत भूगोल शिकवून उरलेल्या वेळात आम्ही काही शिक्षक मिळून छोट्या फिल्म करतो. हौस, दुसरं काय! त्यासाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, तर ते इतकं जड की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. दुसरं चांगलं आहे, पण दर महिन्याला भाडं मागतं. तिसरं फोनवर चालतं, सगळं एका बोटावर करून देतं आणि चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव छापतं, आहेराच्या भांड्यावर नाव घालून देतात तसं. तुम्ही नवा मिक्सर बघायला गेलात तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार बदामाचे, पाकळ्यांचे, चंद्रात नवरी दाखवायचे इफेक्ट उत्साहानं दाखवत होता. तुम्ही एकच विचारलंत, "चुकलं तर मागं कसं यायचं?" तो म्हणाला, "मागं कशाला यायचंय साहेब?" तुम्ही तिथून नुसतेच उठलात. मी अजूनही कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा तेच बघते. आता सगळ्यांतच मागं येता येतं, हवं तितकं.

पाकळ्यांचे इफेक्ट पुढे तुम्हाला घ्यावेच लागले. गिऱ्हाइकांना हवे असायचे. एका नवरदेवाच्या आईनं विचारलं होतं, "आमचा मुलगा गुलाबातून बाहेर येईल ना?" तुम्ही म्हणालात, "येईल हो. लग्नानंतर परत आत जायचं म्हणेल, त्यावर माझ्याकडे काही नाही." बाई हसल्या नाहीत, पण कॅसेट तुमच्याकडूनच घेऊन गेल्या. त्या खोलीत तुम्ही मला एकदाच रागावलात. सुट्टीत मी मदतीला बसले होते. आहेराच्या चित्रीकरणात एक आजी पाकीट शोधत पिशवी चाचपत उभ्या होत्या, चाचपतच होत्या. मला कंटाळा आला आणि मी तेवढा भाग गाळला. तुम्ही मशीन थांबवलंत. "आजी कुठं गेल्या?" मी म्हटलं, "बोअर होत होतं." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तुला होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या घरच्यांना त्या फक्त इथंच सापडतील. जोड परत." आणि तुम्ही चहा प्यायला खाली निघून गेलात. मी आजींना त्यांच्या पिशवीसकट परत जोडलं. तुमचा तो नियमच होता: लग्नाला आलेलं म्हातारं माणूस कॅसेटमधून जाता कामा नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. माझं लग्न तुम्ही स्वतः चित्रित केलंत. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला तुमची तयारी नव्हती. आई महिनाभर सांगत होती, अहो, मुलगी एकुलती एक आहे, त्या दिवशी तरी खाली ठेवा ते. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कुणी घेतलं आणि बिघडवलं तर मी आयुष्यभर बघत बसू?" मग कन्यादानाला काका-काकू बसले. तुम्ही बसणार नाही म्हटल्यावर आईलाही एकटीला बसता येणार नव्हतं. मी पाटावर बसले आहे, काकांनी माझे हात धरलेत, काकू ओंजळीवर पाण्याची धार धरतात, आणि आई कुठं आहे, तर तुमच्या शेजारी शूटिंगचा दिवा धरून उभी. दिवा धरणारा माणूस ऐनवेळी कुठंतरी गेला होता आणि मुहूर्त थांबणार नव्हता. आपल्याच मुलीच्या कन्यादानावर आई उजेड पाडत होती. पुढे काही वर्षांत तुम्ही गेलात, मग काका, मग काकू. आईनं हा विषय कधी काढला नाही, म्हणून मला वाटत होतं की विसरली असेल.

विसरली नव्हती. ऐंशी पूर्ण झाली म्हणून येत्या रविवारी तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे, धायरीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. त्यासाठी मी जुन्या कॅसेटमधून एक फिल्म जोडते आहे. आमच्या शाळेच्या एका फिल्ममध्ये शिपाईमामा भिंतीतून आरपार जातात, ते मी तिला गमतीनं दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "माणूस असा काढता येतो, तसा घालताही येतो का?" मी म्हटलं, हो. मग बराच वेळ ती पातीचा कांदा निवडत राहिली आणि खाली बघूनच बोलली, "मग त्या कन्यादानात आम्हाला दोघांना बसव. पाणी जाऊबाईंनी घातलं. छान घातलं, माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या ओंजळीवर पाणी घालताना मला एकदा स्वतःला बघायचंय." बाबा, ऐंशी वर्षांच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

म्हणून हा शोध. फोनवरच्या सॉफ्टवेअरनं तुम्हाला बसवलं, पण तुमच्या चेहऱ्यावर कुठल्या तरी टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू चिकटवलं. भाड्याच्या सॉफ्टवेअरनं आईला तीस वर्षांची केलं. शेवटी तो फुकटचा गिरणीवालाच कामाला आला. वास्तुशांतीला तुम्ही दोघं पूजेला बसला होतात तो फोटो आहे ना, तुम्ही शेला घेतलेला, त्यावरून तो तुम्हा दोघांना हलवतो, वळवतो, हात पुढे करायला लावतो. फक्त आधी त्याची एक अट असते. मूळ चित्र हलत असेल तर ते त्याला स्थिर करून हवं. त्यानं मला विचारलं, चित्र हलतंय, हलणं काढू का? मला हसू आलं. तुमचं चित्र, आणि हलतंय? पेठेत सगळे म्हणायचे की तुमच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला की स्टँडची गरज नाही. मी आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी लावून बघितलं. मुहूर्तापासून सगळं तुमच्या शिस्तीत स्थिर आहे. काका माझे हात हातात घेतात आणि चित्र थरथरायला लागतं. धार संपेपर्यंत थरथरत राहतं. इतकी वर्षं मी ती कॅसेट बघत आले आणि समजत होते, टेप जुनी झाली असेल. टेप नव्हती ती. तुम्ही रडत होतात.

मी लॅपटॉप उचलून तशीच आईकडे गेले. वाटलं, हे बघितल्यावर तिला दुसरं काही नकोच होईल. बाबा त्या चित्रात आहेतच, बसलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहेत, असं काहीतरी मी बोलत होते. तिनं शांतपणे बघितलं. "ह्यांचा हात हलत होता ते मला माहितेय," ती म्हणाली. "शेजारीच उभी होते मी. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातानं ह्यांचं कोपर धरलं होतं, नाहीतर कॅमेरा पडला असता." मग मला म्हणाली, "रडायचं होतं तर खाली बसून रडायचं. माझ्या शेजारी. ते बसव तू."

आणि मी बसवलं. थरथर काढल्याशिवाय तुम्हाला बसवता येत नव्हतं, म्हणजे त्या चित्रात तुम्ही जिथं खरोखर होतात, तिथून आधी तुम्हाला काढावं लागलं. मग काकांना काढलं. ते सकाळपासून उपाशी होते त्या दिवशी, माझ्यासाठी. त्यांच्या टोपीच्या कडेवरून, खांद्यावरून मी रेघ मारत गेले आणि ते गेले. काकूंच्या हातातली झारी ठेवली, काकू गेल्या. आजी कुठं गेल्या, असं आता विचारणारं कुणी नाही. तुमच्या नियमाचं मी काय केलं ते मला नीट कळतंय, आणि आईला नाही म्हणणं मला जमलं नसतं हेही. दोन्हींचा सारखाच त्रास होतो. मूळ चित्र वेगळं जपून ठेवलंय. हवं तितकं मागं येता येतं, पण रविवारी हॉलमध्ये लोक बघतील ते हेच.

काल आईला दाखवलं. पडद्यावर ती माझ्या ओंजळीवर पाणी घालते आहे, शेजारी तुम्ही शेला घेऊन मांडी घालून. ती बघत राहिली, आणि म्हणाली, "बसले एकदाचे." नंतर पदरानं डोळे पुसले. मग पुढे वाकून तिनं विचारलं, "पण तू ह्यांच्याकडे न बघता समोर कुठं बघते आहेस गं?" मी म्हटलं, "ते राहिलं. नजर वळवायला जमलं नाही मला."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्या मूळ चित्राशेजारीच ठेवून देते आहे. आणि नजर वळवता येते, बाबा. ती सोय त्यात आहे, मी करून बघितली होती. मी वळवली नाही. त्या दिवशी मी तुमच्याकडेच बघत होते, आणि तुम्ही तिथं उभे होतात.