लिफ्ट दहा ते चार बंद राहील

चिंचपोकळी,
१३ जानेवारी २०१९

ती. गुणवंतीताईस,
उत्तमचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाचं ऐकतेस, म्हणून पत्रच बरं.

बातमी मोठी आहे. आपल्या समता सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं. चेअरमन म्हणून नारळ मीच फोडला. ही वीज लिफ्टला, पाण्याच्या पंपाला, जिन्यातल्या दिव्यांना आणि तळमजल्याच्या हॉलला. उरेल ती तारेतून वीजकंपनीला विकायची. नव्या मीटरवर दोन आकडे येतात, आपण घेतलेली वीज आणि आपण दिलेली. ३१ मार्चला वर्ष संपलं की दिलेली जास्त निघेल त्याचे पैसे कंपनी आपल्याला देणार.

ताई, ब्याऐंशीच्या गिरणी संपात बिल थकलं म्हणून आपल्या चाळीतली वीज कापायला माणूस आला होता, आठवतं? तो शिडीवर चढला आणि तू खाली शिडी धरून उभी, उतरूच देईनास. आज त्याच जागेवर सात मजले उभे आहेत आणि वीजवाले मला चेक देणार आहेत. फुटपाथवर इस्त्र्या दुरुस्त करून दुकान उभं केलं, पण असा चेक जन्मात पाहिला नाही. तो मी वटवणार नाही, हॉलमध्ये लावणार. फ्रेम आणून ठेवली आहे. काच साधी घेतली, चमकणारी घेतली तर अक्षरं दिसत नाहीत.

कमल बरी आहे. तिला फ्रेम मोठी वाटते.

माया आहे ती वाढवलीस तरी चालेल, कमी करू नकोस.
तुझा,
उत्तम


अँटॉप हिल,
२२ जानेवारी २०१९

चि. उत्तम यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी शिडी धरली नव्हती, हलवत होते. इतिहास लिहायचा तर नीट लिही.

उन्हाचे पैसे मिळतात हे चांगलंच. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी आई एक पेरू दोघांत कापायची, तर तू तुझी फोड संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचास आणि मी माझी खाताना दिसले की मलाच उधळी म्हणायचास. वीज ही काही पेरूची फोड नाही. वापरायला आणलेली वस्तू आहे.

सुंदरावहिनीचं काहीच लिहिलं नाहीस. सहाव्या मजल्यावर घर मिळालं तेव्हा ती घाबरली होती, लिफ्ट दाखवून तूच तिची समजूत घातली होतीस. अजून रोज अकराला विहारात जाऊन बसते ना? तेवढंच तिचं बाहेरचं जग. तिचे गणपतभाऊ मिलमध्ये तुझ्या शेजारच्या सांच्यावर कापड विणायचे आणि तुझ्या शब्दावर संपात उतरले. ते वारले तेव्हा मिलचं गेट बंदच होतं. तिच्याकडे लक्ष ठेव.

खोकल्याला हळद घे. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेवलीस तर बिल येणार नाही.
तुझी,
ताई


चिंचपोकळी,
१७ फेब्रुवारी २०१९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझा पेरू मी वाचला आणि सोडून दिला.

इथे काम जोरात आहे. मी रोज मीटरसमोर उभा राहून आकडे पाहतो. ऊन कडक असतं नेमकं तेव्हाच लोक लिफ्ट खालीवर नाचवतात, म्हणजे विकायची वीज आपणच खाल्ली. गेल्या आठवड्यात नोटीस लावली: लिफ्ट सकाळी दहा ते दुपारी चार बंद राहील. खाली ‘हुकमावरून’ हा शब्द आमचे सेक्रेटरी रमाकांत यांनी सुचवला. म्हटलं, शोभतो. दुपारी हॉलमध्ये बायका शिवणकाम घेऊन बसायच्या, तेही थांबवलं, पंखे फिरतात. गच्चीवरच्या दोऱ्या काढल्या, चादरींची सावली पॅनलवर पडते.

सभेत थोडी कुरकुर झाली. मी सांगितलं, जिना चढल्याने हृदय मजबूत होतं. मी स्वतः पहिल्या मजल्यावर राहतो हे सुदैवाने कुणी काढलं नाही.

सुंदरावहिनीला मी दारात जाऊन सांगितलं. थोडे दिवस कळ काढा म्हटलं, ती बरं म्हणाली. जुन्या माणसांना कळतं, एखाद्या गोष्टीसाठी झिजावं लागतं. कमल आठ दिवस नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, मोजकं बोलते. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. टीव्ही घरच्या मीटरवर आहे, काळजी नसावी.

रागवायचं असेल तर राग, पण पत्र थांबवू नकोस.
तुझा,
उत्तम


अँटॉप हिल,
६ मार्च २०१९

चि. उत्तम यास,
जयभीम.

आशीर्वाद या वेळी राखून ठेवला आहे, तुझ्या विजेसारखा.

काल अकराला सुंदरावहिनीला भेटायला आले होते. तू दुकानात होतास. लिफ्टला कुलूप. चढायला लागले. चोपन्न पायऱ्या झाल्या आणि तिसऱ्या मजल्यावर बसकण मारली. तिच्यासाठी आणलेली सुकटीची चटणी मांडीवर, आणि समोर भिंतीवर तुझी नोटीस. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. ‘हुकमावरून’ दोनदा वाचलं.

मिलच्या दरवाजावर अशाच नोटिसा लागायच्या. तू त्या फाडून आणायचास आणि मी त्यांनी चूल पेटवायचे. सगळ्यांचं शेवटचं वाक्य हेच असायचं.

कमलला मी जिन्यात सापडले. पाणी दिलं, आणि तासभर आम्ही तिथेच बसून बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तुला लवकरच कळेल.

तब्येतीला जप, पुढे गरज पडेल.
तुझी,
ताई


चिंचपोकळी,
१६ एप्रिल २०१९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आता सगळं सांगतो. अर्धं तुझंच कारस्थान असल्याने तुला ठाऊक असेलच.

११ मार्चला सकाळी दहाच्या ठोक्याला बिल्डिंगमधल्या बायका हॉलमध्ये येऊन बसल्या. आठही पंखे फुल, सगळ्या ट्यूब चालू, वर दोन शिलाई मशिनं. दारावर पाळ्यांचा तक्ता, पहिली पाळी, दुसरी पाळी, कमलच्या अक्षरात. गच्चीवर ऊन आग ओकत होतं आणि मीटरवरचा दिलेल्या विजेचा आकडा जागचा हलेना. त्या दिवशी मला जेवणही हॉलच्या दारात मिळालं. वाढणारी पाळी बदलल्यामुळे भाजी दुसऱ्याच घरची.

तिसऱ्या दिवशी रमाकांत म्हणाले, हॉलचा फ्यूज काढा, आपोआप उठतील. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घालून निघालो. ताई, संपात फितूर माणसं मागच्या गेटने कशी आत शिरायची, तसाच मी गाड्यांच्या आडून गेलो. दारातल्या पहिल्या खुर्चीवर सुंदरावहिनी. चौघींनी तिला खुर्चीसकट खाली आणलं होतं. नोटीस लागल्यापासून ती एकदाही खाली उतरली नव्हती. विहार नाही, दवाखाना नाही, दोन्हींच्या वेळा नेमक्या लिफ्ट बंद असतानाच्या. मी विचारलं, बोलला का नाहीत?

ती म्हणाली, “ब्याऐंशी साली तू म्हणालास, वहिनी, थोडे दिवस कळ काढा. मी काढली. आताही तेच म्हणालास. म्हणून किती दिवस ते विचारलं नाही.”

पंखे फिरत होते. स्क्रूड्रायव्हर मांडीला टोचत होता. मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो, तर कमलने उठवलं, ही पाळी बायकांची आहे म्हणाली.

मागण्यांचं पत्र तयारच होतं. लिफ्ट दिवसभर चालू, हॉल उघडा, गच्चीवरच्या दोऱ्या परत. चौथी मागणी अशी की चेअरमनने आठवडाभर रोज दुपारी बाराला जिन्याने सहाव्या मजल्यावर जाऊन सुंदरावहिनीची विचारपूस करावी. तिथल्या तिथे सही केली. चौथी मागणी तुझी आहे हे मला चौथ्या मजल्यावर कळलं. हृदय मजबूत झालं की नाही माहीत नाही, पण आहे कुठे ते कळलं.

मग मार्चचं बिल आलं. युनिटं थोडी उरली होती. फ्रेम पिशवीत घालून मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, चेक कुणालाच देत नाहीत, रक्कम पुढच्या बिलात वळती होते, अर्जाच्या मागेच छापलंय. तीस वर्षं विजेचं दुकान चालवतो, पण कागद उलटून पाहिला नव्हता. म्हणजे लिफ्ट बंद ठेवून जे जमवलं ते लिफ्टच्याच बिलात गेलं. बाईंनी पिशवीत काय आहे विचारलं. मी डबा म्हणालो.

परवा चौदा एप्रिलला वहिनी पांढरी साडी नेसून भर दुपारी लिफ्टने खाली आली. मी दार धरून उभा होतो. माझ्याकडे न बघता ‘तळमजला’ म्हणाली.

फ्रेम वाया गेली नाही. तिच्यात मागण्यांचं पत्र लावलं आहे, हॉलमध्येच. आपला संप मिटला असं आजवर कुणी सांगितलं नाही, सदतीस वर्षं झाली, एका ओळीचा कागद हातात नाही. हा कागद आहे. मिटलेल्या संपावर सही करायची फार इच्छा होती. झाली. फक्त मालकाच्या बाजूला झाली.

येशील तेव्हा लिफ्टने ये. राखून ठेवलेला आशीर्वाद उरला असेल, तर पुढच्या पत्रात वळता कर.

तुझा,
उत्तम